नाही, पुढे जाते

१

आमच्या दुकानात दर गुरुवारी दुपारी तीन वाजता मेलेल्यांचे चेहरे पुसायचे असत.

ऐकायला कसंतरी वाटतं, पण कामच ते. आत-बाशी गावच्या बाजाराच्या टोकाला कालमुरात उस्तांचं, म्हणजे आमच्या कारागीर मालकांचं, दगडाचं दुकान आहे. थडग्यावर बसवायच्या काळ्या दगडावर माणसाचा चेहरा कोरून द्यायचा. पूर्वी उस्ता हाताने कोरायचे, आता मशीन कोरतं. त्याला एक सुई असते. ती दगडावर टिक टिक टिक टिक करत ओळी मारत वरून खाली येते. आधी केस, मग कपाळ, मग डोळे. एका चेहऱ्याला अख्खा दिवस जातो.

माझं काम त्याच्या आधीचं. लोक फोटो आणतात, लग्नातले, पासपोर्टातले, कधी घोळक्यातला एखादा नखाएवढा चेहरा. तो मी कॉम्प्युटरवर मोठा करते, मागचं सगळं काढून टाकते, रंग घालवते आणि त्या माणसाच्या नावाने ठेवून देते. मी सातवीपर्यंतच शिकले, पण हे काम हाताचं आहे, दाखवलं की येतं. माझं बाळ सात महिन्यांचं. त्याचा पाळणा माझ्या टेबलालाच लागून असतो. आमच्या रीतीप्रमाणे पाळण्यात त्याचे हात बांधलेले असतात, म्हणून तो डोळ्यांनीच खेळतो. मी कॉम्प्युटरच्या आडून तोंड बाहेर काढलं की खिदळतो. दिवसातून शंभर वेळा काढते.

दगड थडग्यावर बसला की तो चेहरा कॉम्प्युटरमध्ये ठेवायचा नाही, हा उस्तांचा नियम. "एक चेहरा, एक जागा," ते म्हणतात. "माणूस जमिनीत, चेहरा दगडावर. तिसरा तुझ्या पेटीत कशाला?" मोल्दो, म्हणजे आमचा मुल्ला, तर म्हणतो, दगडावरही चेहरा नको. लोक मान डोलावतात आणि फोटो घेऊन आमच्याकडे येतात. पुसायला गुरुवारच का, तर त्या दिवशी घरोघरी तेल तापतं, बोरसोक, म्हणजे पिठाचे गोळे, तळतात आणि त्या वासावर मेलेले आपापल्या घराकडे वळतात. माझी सासू, म्हणजे आपा, असं सांगते. त्याच दिवशी त्यांचं इथलं आवरून टाकायचं.

वर्षभर कोरलेले दगड जमीन गोठायच्या आत बसवायची घाई असते, त्यामुळे शरदात एकेका आठवड्याला वीस-वीस चेहरे पुसायचे निघतात. उस्तांची मुलगी चोल्पोन बिश्केकला कॉम्प्युटरच्याच नोकरीत आहे. तिने यासाठी एक प्रोग्राम लिहून दिला. नावांची यादी द्यायची, तो गुरुवारी तीनला आपोआप एकेक नाव घेऊन चेहरा पुसत जातो. आम्ही त्याला झाडूवाली म्हणायचो.

पण झाडूवालीची एक खोड होती. यादीतलं एक जरी नाव सापडलं नाही तर ती जागच्या जागी थांबायची. ऑगस्टात ती तिसऱ्याच नावावर अडली. मी बाळाला पाजत होते, बघितलं नाही. मागचे चौदा चेहरे तसेच राहिले. आठवड्याने एक म्हातारा टोपी हातात घेऊन आला. म्हणाला, "माझी बायको स्वप्नात दारात उभी राहते. आत ये म्हटलं तर म्हणते, येते, पण अजून एका ठिकाणी अडकलेय." त्याची बायको त्या चौदांत होती.

उस्ता त्या दिवशी माझ्याशी बोलले नाहीत. चोल्पोनला मात्र फोनवर बरंच बोलले.

२

सप्टेंबरात चोल्पोन घरी आली आणि दुकानात माझ्या शेजारी स्टूल ओढून बसली. ती मला एजे म्हणते, म्हणजे ताई.

"बुरुल एजे, चूक तुमची नाही, हिची आहे. हिला वळणच लावलं नव्हतं मी. एक गोष्ट मिळाली नाही की दारातच फतकल मारून रडते. आता बघा."

तिने झाडूवालीला तीन वाक्यं शिकवली आणि ती लिहायला एक वही दिली. म्हणजे कॉम्प्युटरमधलीच वही. चेहरा सापडला आणि पुसला, तर लिहायचं, 'मिळाला, काढला.' सापडला नाही तर, 'नाही, पुढे जाते.' आणि तिसरं, 'कोणाच्या तरी हातात आहे, नंतर बघते.'

"हातात आहे म्हणजे काय गं?"

"म्हणजे तो फोटो तुम्ही उघडून बसलाय. उघडा असेल तर तिला पुसता येत नाही. पूर्वी ती आकांत करायची. आता काही बोलणार नाही. नाव बाजूला लिहून ठेवेल आणि पुढच्या गुरुवारी परत येऊन बघेल."

"आणि तेव्हाही नाही मिळाला तर?"

"मग त्याच्या पुढच्या. 'मिळाला, काढला' झालं की ते नाव ती विसरते. तोवर सोडत नाही. माझ्या सासूसारखी चिवट केलीय तिला."

"तुला कुठे आहे सासू?"

"म्हणून तर हिला केली," चोल्पोन म्हणाली आणि आम्ही दोघी हसलो. आमचं बघून पाळण्यातलं बाळही हसलं.

मग ती म्हणाली, "आता इथे नसलेलं एक नाव टाका. अडल्यावर कशी वागते ते बघू."

मी बाकित टाकलं. बाकित होता. झुमागुल टाकलं. झुमागुल दोन होत्या. "सगळी आत-बाशी मेलीय की काय!" चोल्पोन म्हणाली. "एजे, इथे असूच शकणार नाही असं काहीतरी टाका ना."

इथे मला थोडं मागचं सांगायला हवं. या बाळाच्या आधी माझी दोन गेली. एक बारा दिवसांचं, एक चार महिन्यांचं. हा झाला तेव्हा आपाने त्याला खिडकीतून शेजारणीच्या हातात दिला आणि दारातून परत विकत आणला, म्हणजे मरणाला वाटावं की हे मूल या घरातलं नाहीच. नाव ठेवलं इतालमास. कुत्राही उचलणार नाही असा. कागदोपत्रीही तेच. खरं नाव त्याच्या कानात एकदाच सांगितलं. ते आपाला, माझ्या नवऱ्याला आणि मला ठाऊक. कुठे लिहायचं नाही, मोठ्याने उच्चारायचं नाही.

इथे असूच शकणार नाही असं नाव, ती म्हणाली. त्याचं कानातलं नाव बोटांनी आधी लिहिलं, डोकं मागून आलं.

झाडूवालीने लगेच लिहिलं. 'नाही, पुढे जाते.'

खोटं का बोलू, मला बरं वाटलं. मेलेल्यांच्या पेटीत हात घालून कोणीतरी सांगत होतं की तो इथे नाही. मी यादीतून ते नाव ताबडतोब खोडलं.

"कोणाचं नाव हे?" चोल्पोनने विचारलं.

"असंच. सुचलं," मी म्हणाले.

३

पुढच्या गुरुवारी अठरा चेहरे होते. 'मिळाला, काढला' अठरा वेळा. खाली एकोणिसावी ओळ. त्याचं नाव, आणि पुढे 'नाही, पुढे जाते.'

यादी उघडून बघितली. यादीत नाव नव्हतं. मी चोल्पोनला फोन लावला.

"अहो एजे, चाचणीच्या वेळी ते 'नाही' निघालं ना, ते तिने बाजूला लिहून ठेवलंय, परत बघायला. मीच शिकवलंय तसं. आले की काढते."

पटलं मला. खरंच पटलं. त्याच्या पुढच्या गुरुवारीही तीच ओळ आली, तेव्हा मी स्वतःशी म्हटलं, चिवट आहे.

तिसऱ्या गुरुवारी ओळ वेगळी होती. नाव, आणि पुढे, 'अजून नाही. पुढे जाते.'

मशीनवर कोणा शिक्षकाचं कपाळ चाललं होतं. टिक टिक टिक टिक. मी पाळण्यावरचं फडकं बाजूला केलं. बाळ टक्क जागं होतं आणि माझ्याकडे बघत होतं.

"तुम्ही काही टाइप केलंत का?" चोल्पोनने फोनवर विचारलं.

"मला कुठे येतं ते?"

 तिच्या मागे कचेरीतली माणसं बोलत होती, कोणीतरी चहा मागत होतं.

"मी 'अजून' असं कुठेच लिहिलेलं नाही," ती म्हणाली. "म्हणजे आठवत तरी नाही. एखाद्या जुन्या प्रतीत राहिलं असेल. एजे, रडताय का? ते नुसतं वाक्य आहे. वाक्य काय करणार?"

तिने मला फोनवरच झाडूवाली बंद करायला शिकवलं. इथे दाबा, तिथे दाबा, खूण काढा. मी काढली. पुढच्या गुरुवारी तर अडीचलाच आमच्या भागातली वीज गेली. कॉम्प्युटर काळा, मशीन मुकं. तीन वाजले. मी चुलीपाशी बाळाला मांडीवर घेऊन बसले होते आणि इतकं हलकं वाटत होतं की मी त्याला गाणं म्हटलं.

चारला वीज आली. वही उघडली. तीन वाजताची ओळ होती. 'अजून नाही. पुढे जाते.'

"चुकलेली वेळ ती नंतर भरून काढते," चोल्पोन म्हणाली. "आणि बंद करताना तुमची खूण नीट निघाली नसेल." प्रत्येक गोष्टीला तिच्याकडे कारण होतं. मीही प्रत्येक कारण घट्ट धरून बसत होते. पण रात्रभर धरलेलं कारण सकाळी हातात नसायचं.

४

नोव्हेंबरात जमीन गोठली. दगड बसवणं थांबलं, यादी रिकामी झाली.

एका सकाळी उस्ता अंगणातून ओरडले, "हा कोणी कापला?"

भिंतीला टेकून एक छोटा दगड उभा होता. दोन विती उंच, वरून गोलाई दिलेला, आरशासारखा घासलेला. तसले छोटे दगड कोणासाठी असतात ते आमच्यात सगळ्यांना माहीत आहे.

"कोणी सांगितला होता का, उस्ताके?"

"नाही. उरलेला तुकडा असेल. मीच कापला असेन. वय झालं आता, हात आपलेआपण चालतात." ते दगडावरून तळवा फिरवत राहिले. "काम मात्र माझंच दिसतंय."

"तो तिकडे मागे ठेवाल का?"

"दगड आहे पोरी, चावत नाही." पण त्यांनी ठेवला.

त्याच आठवड्यात बाळाला ताप आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हिवाळा आहे, सगळ्यांच्याच मुलांना येतोय. आपाने तिच्या पद्धतीने शिसं वितळवून बाळाच्या डोक्यावर धरलेल्या पाण्याच्या भांड्यात ओतलं. शिसं चुरचुरलं आणि त्याचा काहीतरी आकार झाला. आपा नेहमी तो आकार सगळ्यांना दाखवते. हा बघा कुत्रा, याला भ्यायला होता. त्या दिवशी तिने आकार मुठीत घेतला आणि बाहेर बर्फात फेकून आली.

गुरुवारी घरी राहायला हवं होतं. पण मला वही बघितल्याशिवाय राहवेना. बाळाला शालीत गुंडाळून छातीशी धरून मी दुकानात गेले. उस्ता जेवायला गेले होते. मशीन बंद. कॉम्प्युटरवर एकही फोटो उघडा नव्हता, मी दोनदा तपासलं. बाळाचा श्वास माझ्या गळ्यावर गरम गरम येत होता.

तीन वाजले.

त्याचं नाव आणि पुढे, 'कोणाच्या तरी हातात आहे, नंतर बघते.'

५

त्यानंतर मी बाळाला खाली ठेवलं नाही. एका हाताने पीठ मळायचे, एका हाताने फोटो. झोपायचे तीसुद्धा भिंतीला टेकून, त्याला पोटावर बांधून. ताप उतरत होता, चढत होता.

"केलीन," आपा म्हणाली. सून म्हणून अशी हाक ती मारते तेव्हा काहीतरी ठरवून बोलते. "पाळणा रिकामा ठेवलायस चार दिवस. काय केलंयस ते सांग."

मी सांगितलं. ती ओरडेल असं वाटलं होतं. ती माझ्या जवळ सरकली.

"लिहिलंस? ते नाव लिहिलंस?"

"एकदाच, आपा. लगेच खोडलं."

"मी त्याला खिडकीतून दिला आणि दारातून आणला, तो काय खेळ होता माझा?"

"मग आता परत करू ना तसं. परत विकू."

आपाने माझ्या छातीवरून बाळाच्या टाळूला हात लावला. "माझ्या शिंगरा," ती त्याला म्हणाली, आणि मग मला, "एकच गिऱ्हाईक एकाच मालाला दोनदा फसेल का गं? त्याला आता काहीतरी खरं द्यावं लागेल. त्याशिवाय ते दार सोडायचं नाही."

दार सोडायचं नाही. चोल्पोनही हेच म्हणाली होती, 'मिळाला, काढला' होईपर्यंत सोडत नाही. मी इतके दिवस झाडूवालीला काही मिळू नये म्हणून धडपडत होते. तिथेच चुकत होते. तिला मिळू द्यायला हवं होतं.

बुधवारी दुकानात जाऊन मी एक कोरी पांढरी चौकट केली आणि ते नाव दिलं. दुसऱ्यांदा लिहिलं ते नाव.  गुरुवारी तीनला ओळ आली, 'अजून नाही.' चौकट जागच्या जागी होती, तिला कोणी हात लावला नव्हता. तिला चौकट नको होती, चेहरा हवा होता.

कोणाचा द्यायचा? पेटीतल्या एखाद्या मेलेल्याचा देता आला असता. पण ते काय खरं देणं झालं? आणि त्याच्या घरच्यांच्या दारात कोण उभं राहिलं असतं?

पुढच्या गुरुवारी दोन वाजता मी दाराला कडी लावली. जुने फोटो टिपायला जो कॅमेरा आहे, त्याच्यासमोर पांढरी चादर टांगून बसले. बाळ पोटावर झोपलेलं, त्याचं डोकं चौकटीत येऊ नये म्हणून मान उंच धरली. मग रोज करते तेच काम. मोठा केला. मागचं काढलं. रंग घालवले. लहानपणी घोड्याने लाथ मारली होती, डाव्या भुवईत तेवढी रेघ आहे. उस्ता म्हणतात, खुणा जाऊ द्यायच्या नाहीत, खुणांवरूनच घरचे ओळखतात. मी रेघ राहू दिली. रंग गेल्यावर मी आईसारखी दिसत होते.

बाळाचं खरं नाव दिलं आणि चेहरा पेटीत ठेवून बंद केला.

तीन वाजता घरोघरी बोरसोकचं तेल तापलं होतं, फटीतून वास येत होता. वहीत ओळ उमटली.

'मिळाला, काढला.'

मागे कोपऱ्यात कोणीतरी दमून टेकावं तसा बारीक आवाज झाला. मी वळून बघितलं नाही. पोटावर बाळ एकदम घामाने भिजलं आणि त्याचं अंग गार झालं. चांगलं गार, ताप उतरल्यावर होतं तसं.

६

त्यालाही आता पाच गुरुवार झाले. वहीत त्याचं नाव आलेलं नाही. चोल्पोन नव्या वर्षाला आली तेव्हा तिने सगळं उघडून बघितलं. म्हणाली, "एजे, इथे ते नाव नाहीच. पहिल्यापासून कुठेच नाही. 'अजून' पण नाही. तुमची झोप होत नव्हती ना तेव्हा?" असेल. तिच्या बोलण्यात खोट काढायला मला येत नाही.

बाळ चांगलं आहे. गुबगुबीत झालंय. खालचे दोन दात आलेत. मी पाळण्यात ठेवते आता.

बाकी गोष्टींना कारणं आहेत. परवा मी उजेडातून घरात शिरले तेव्हा आपा चुलीपासून उठून म्हणाली, "कोण हवंय बाई?" आणि मी "आपा" म्हणताच हसली, म्हणाली, डोळ्यांत मोतीबिंदू उतरला वाटतं. नवरा रशियात बांधकामावर आहे, रविवारी व्हिडिओवर बोलतो. तो म्हणाला, "बुरुल, फोन पुसून घे जरा, तुझं तोंडच दिसत नाही." मी पुसला. माझ्या मागच्या भिंतीवरचा गालिचा त्याला नीट दिसत होता, कोपऱ्यातला उसवलेला धागासुद्धा.

आरशात मी दिसते. मी बघितलंय. दिसते.

दुकानात मागे ठेवलेला छोटा दगड उस्तांनी मशीनवर घेतला होता. नवी सुई तपासायला, म्हणाले. वरच्या चार बोटांएवढंच कोरलं होतं, वर पांढरी धूळ बसलेली. मी फडकं ओलं करून पुसलं. मधला भांग, डोक्याच्या रुमालाची कड, आणि कोरणं जिथे थांबलं होतं तिथे डाव्या भुवईची सुरुवात. उस्तांनी माझ्याकडे बघितलं, दगडाकडे बघितलं. "कोणाचा फोटो घातला होता कोण जाणे," म्हणाले.  मी फडकं पिळलं आणि टेबलाशी येऊन बसले.

हे कागदाच्या वहीत हाताने लिहितेय. कागदावरचं असं आपोआप जात नाही.

आत्ता गुरुवारच आहे, दुपार. मशीन चालू आहे. बाळ पाळण्यात जागं आहे. मी कॉम्प्युटरच्या आडून तोंड बाहेर काढते आणि त्याला हाक मारते, इतालमास, ए इतालमास. माझा आवाज ऐकून तो खिदळतो. पाय झाडतो.

मग मला शोधायला लागतो. दाराकडे बघतो, खिडकीकडे बघतो. माझ्या तोंडावरून त्याची नजर जाते आणि थांबत नाही, पुढे जाते.